केल्सीसमोरचा माणूस

हॅमिल्टनचं त्या चेंडूवर नेमकं काय चुकलं, हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

28 जानेवारी 2024. अमेरिकन फुटबॉलचा सामना. बाल्टिमोरचं मैदान, समोर कॅन्सस सिटी चीफ्स, आणि जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याला जाणार. चीफ्सच्या पहिल्याच ड्राइव्हमध्ये, म्हणजे पहिल्याच चढाईत, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने 19 यार्डांवरून टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीकडे चेंडू टाकला. आमच्या रेव्हन्सचा काइल हॅमिल्टन केल्सीच्या अंगाला चिकटून होता. हॅमिल्टन म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. 6 फूट 4 इंच उंची, वजन शंभर किलोच्या घरात, आणि त्याच मोसमात ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड झालेला सेफ्टी, म्हणजे मागे राहून बचाव करणारा गडी. केल्सीसारख्यांना आवरायला कसा माणूस हवा, असं कागदावर लिहून काढलं तर जवळपास हॅमिल्टनच उतरेल. तरी चेंडू आला, केल्सीने घेतला, टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार आणि सहा गुण. सामना संपेपर्यंत केल्सीकडे अकरा चेंडू टाकले गेले आणि त्याने अकराच्या अकरा झेलले, 116 यार्ड. रेव्हन्स 17-10 हरले.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, किराणा दुकानात, मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी, जिथे जावं तिथे एकच तक्रार: केल्सीला कोणी धरलं कसं नाही? आणि पाठोपाठ हॅमिल्टनचा उद्धार. मला हा प्रश्नच पटत नाही. त्या दिवसापासून हा खेळ बघताना माझी नजर चेंडूवर कमी आणि टाइट एंडच्या समोर उभ्या असलेल्या माणसावर जास्त असते. घरच्यांना हा नाद चमत्कारिक वाटतो. वाटो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, तिला ओळ म्हणू. तिचं काम फक्त ढकलणं आणि अडवणं. सहसा त्यांच्याकडे चेंडू टाकता येत नाही. या भिंतीच्या टोकाला खेटून उभा राहतो तो टाइट एंड. तो भिंतीतला सहावा माणूस होऊन समोरच्याला रेटू शकतो, आणि मनात आलं की तिथूनच सुटून पळत जाऊन झेलही घेऊ शकतो. गोची इथेच आहे. चेंडू सुटेपर्यंत बचाव करणाऱ्याला कळत नाही की हा गडी आज हमाल आहे की नवरदेव.

बचावाकडे ढोबळमानाने तीन प्रकारची माणसं असतात. लाइनबॅकर दांडगे, धक्काबुक्कीत तरबेज, पण मोकळ्या रानात पळताना मागे पडणारे. कॉर्नरबॅक वाऱ्यासारखे, पण अंगाने हलके. सेफ्टी या दोघांच्या मधले. केल्सी 6 फूट 5 इंच आणि 113 किलोंच्या आसपास. लाइनबॅकर लावला तर पायात मार खातो, कॉर्नरबॅक लावला तर अंगात. बरं, त्याच्यासाठी म्हणून एक दांडगा लाइनबॅकर काढून चपळ गडी आणावा, तर समोरचा क्वार्टरबॅक ते ओळखतो आणि सरळ त्या हलक्या माणसाच्या अंगावरून धावण्याची चाल लावतो. म्हणजे पहिला झेल घ्यायच्या आधीच टाइट एंडने बचावाला पेचात टाकलेलं असतं.

हे दुखणं नवं नाही. 1961 साली शिकागो बेअर्सच्या माइक डिट्काने पहिल्याच मोसमात 1,076 यार्ड आणि 12 टचडाउन केले, आणि तोवर फक्त रेटारेटीसाठी ठेवलेल्या जागेचा धसका सगळ्यांनी घेतला. पुढे बास्केटबॉलवाले आले. टोनी गोन्झालेस कॅलिफोर्निया विद्यापीठात दोन्ही खेळ खेळायचा. अँटोनियो गेट्स तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, फक्त बास्केटबॉल. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणी घेतलं नाही, 2003 मध्ये चार्जर्स संघाने असाच घेऊन बघितला, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 116 टचडाउन होते, टाइट एंडमध्ये सर्वांत जास्त. ही मंडळी चेंडू यायच्या आधी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन जागा अडवायची. अशा पाठीच्या पलीकडे हात पोचवायचा कसा, हे तोवरच्या बचावाच्या शिकवणीत फारसं कुठे नव्हतंच.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. बरीच वर्षं हायस्कूलच्या पोरांना फुटबॉल शिकवत होते, त्यातही बचाव. मी एकदा त्यांना विचारलं की असल्या माणसाला थांबवायचं तरी कुठे. तोंडाने उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला अंगणात नेलं, गॅरेजच्या दाराकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, पळ. मी पहिलं पाऊल टाकतो न टाकतो तोच त्यांचे दोन्ही तळवे माझ्या छातीवर, अंगठे वर, कोपरं आत. ढकललं म्हणता येईल इतका जोर नव्हता. पण माझा उजवा खांदा किंचित फिरला आणि डावा पाय जिथे पडायला हवा होता त्याच्या वीतभर बाहेर पडला. मग ते बाजूला झाले. मी पुढे पळालो, पण पळायचं होतं त्या रेषेवर नव्हतो. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. थांबवायचं नाही, उशीर करायचा. क्वार्टरबॅक मनात मोजत असतो; तिसऱ्या पावलाला केल्सी अमुक ठिकाणी असणार हे धरून त्याचा हात मागे जातो. तिथे केल्सी नसला की हात अडखळतो, आणि तेवढ्यात कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं.

पंचाईत अशी की हा हक्क फक्त पाच यार्डांपुरता आहे. ओळीपासून पाच यार्डांच्या पुढे, चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या हातात असताना झेलणाऱ्याला धक्का दिला की दंड: पाच यार्ड आणि शिवाय नव्याने चार प्रयत्न. 1978 मध्ये हा नियम घट्ट झाला आणि तेव्हापासून बचाव करणाऱ्याचं आयुष्य कठीणच होत गेलं. म्हणून काही प्रशिक्षक भिंतीच्या टोकाशी असलेल्या त्यांच्या दांडग्या गड्यालाच सांगतात की क्वार्टरबॅककडे धावण्याआधी जाता जाता टाइट एंडला एक खांदा देऊन जा. उपाय चांगला आहे, पण फुकट नाही. खांदा देण्यात गेलेला अर्धा सेकंद क्वार्टरबॅकला बक्षीस मिळतो. या खेळात बचावाचा प्रत्येक उपाय असाच उसनवारीवर चालतो.

टाइट एंड रॉब ग्रॉन्कोव्स्की ऊर्फ ग्रॉन्कच्या बाबतीत तर खांदा देणाऱ्याचीच चिंता वाटायची. 6 फूट 6 इंच, 120 किलो. 2011 मध्ये न्यू इंग्लंडसाठी त्याने 17 टचडाउन झेलले, टाइट एंडचा विक्रम. फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये तो भिंत सोडून थेट मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. सिअ‍ॅटलचा लाइनबॅकर के. जे. राइट त्याच्या मागोमाग तिथवर चालत गेला. चांगला लाइनबॅकर, पण तिथे एकटा. न्यू इंग्लंडच्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने ते पाहिलं, आणि पुढच्या काही सेकंदांत 22 यार्डांचा टचडाउन झाला. राइटला दोष देऊन काय उपयोग? त्याला त्या उघड्या जागी खेचून नेणं हीच तर चाल होती.

डिसेंबर 2017 मध्ये पिट्सबर्गने सेफ्टी लावून बघितला. शेवटच्या ड्राइव्हला ग्रॉन्कचे लागोपाठ तीन झेल: 26, 26, 17. समोर शॉन डेव्हिस, तरुण, धडधाकट, काही पावलं तर अगदी बरोबर पडलेली. मग टचडाउन झाल्यावर दोन गुणांचा प्रयत्न, तोही ग्रॉन्ककडे, तोही डेव्हिसच्या डोक्यावरून. न्यू इंग्लंड 27-24. त्या संध्याकाळी डेव्हिसचा चेहरा कॅमेऱ्याने इतक्यांदा दाखवला की मला टीव्ही बंद करावासा वाटला.

याच गोष्टीची एक काळी बाजू आहे. 2013 च्या डिसेंबरात क्लीव्हलंडच्या टी. जे. वॉर्डने ग्रॉन्कोव्स्कीला गुडघ्यात मारलं. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, मोसम संपला. पंचांनी दंड दिला नाही, कारण नियमात ते बसत होतं. वॉर्डचं म्हणणं असं की डोक्याजवळ मारलं तर दंड आणि वर पैशांचा भुर्दंड, मग खाली नाही तर कुठे जायचं? झेल घेणाऱ्याच्या डोक्याला जपणारे नियम त्याआधीच्या काही वर्षांत कडक झाले होते आणि ते व्हायलाच हवे होते. पण आपल्याहून तीस किलोंनी जड माणूस वेगात अंगावर येत असताना सेफ्टीकडे निर्णयाला किती क्षण असतात? मला वॉर्डची बाजू कळते. तो फटका मात्र मी पुन्हा पाहत नाही.

केल्सीची तऱ्हा वेगळी. ग्रॉन्क अंगाने हरवायचा, केल्सी वाट बघून हरवतो. त्याच्या बऱ्याच चालींना ठरलेला मार्गच नसतो. समोरचा माणूस अंगावर येतोय असं दिसलं की तो त्याच्यापासून दूर वळतो. बचाव जागा वाटून उभा आहे असं दिसलं की दोन माणसांच्या मधल्या फटीत जाऊन चक्क उभा राहतो. गर्दीच्या मध्यभागी मोकळं उभं राहणं, हीच त्याची करामत. माहोम्सलाही तेच आणि त्याच क्षणी दिसलेलं असतं. दोघांचं हे गुळपीठ इतकं जुनं आहे की फळ्यावर काढलेली चाल निव्वळ औपचारिकता ठरते.

जानेवारी 2022 मधली बफेलोची 13 सेकंदं बघा. बफेलो तीन गुणांनी पुढे, घड्याळात 13 सेकंद. त्या मोसमात बफेलोचा बचाव लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. पहिल्या चेंडूवर चीफ्सच्या टायरीक हिलला 19 यार्ड. उरले 8 सेकंद. बफेलोने माणसं खोल आणि कडेला ठेवली होती, मधली पट्टी ओस. केल्सीने माहोम्सला आधीच सांगून ठेवलं होतं की पुन्हा असेच उभे राहिले तर मी ठरलेली चाल सोडून सरळ मधून जाईन. ते तसेच उभे राहिले. माहोम्सने ओळीवरूनच ओरडून त्याला जा म्हणून सांगितलं, समोर बफेलोचे अकरा जण ऐकत असताना. 25 यार्ड. मग 49 यार्डांवरून किक, बरोबरी, आणि जादा वेळेत शेवटचा टचडाउन पुन्हा केल्सीचाच. 42-36.

दोन माणसं का लावत नाहीत, असं अण्णांनी विचारलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. एका शरद ऋतूत ते इकडे आले होते आणि रविवारी दुपारी माझ्या शेजारी बसून, काही न कळता, पण एकटक हा खेळ बघायचे. तरुणपणी सांगलीकडे कबड्डी खेळलेले. दोन माणसं लावतात, मी सांगितलं, एक आतून आणि एक बाहेरून. पण मग दुसरा कोणीतरी एकटा सुटतो. जानेवारी 2019 मध्ये न्यू इंग्लंडच्या प्रशिक्षक बिल बेलिचिकने नेमका हाच हिशोब केला. दोन माणसं लावली ती वेगवान टायरीक हिलवर, आणि केल्सीवर बहुतेक वेळ ठेवला ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला एक नवखा कॉर्नरबॅक, जे. सी. जॅक्सन. केल्सीला तीन झेल आणि 23 यार्ड मिळाले, त्यातला एक टचडाउन. एवढं करूनही चीफ्सनी शेवटच्या पावतासात 24 गुण केले आणि न्यू इंग्लंडला जादा वेळेत जिंकावं लागलं.

अण्णांनी यावर जरा विचार केला आणि म्हणाले, "अरे मग बोनस देऊन टाकायचा की! बोनस जाऊ दे, गडी जाऊ द्यायचा नाही."

कबड्डी खेळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चढाईपटू बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण घेऊन जातो. त्याला अडवायला म्हणून कोपरा झेपावला आणि फसला की गुणही जातो आणि गडीही. मी ते शेजारच्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की अण्णांना भेटायला लगेच आमच्याकडे आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दीड तास बसले, चहा दोनदा झाला.

आणि खरंच, फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेचे बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी दुसरं काय केलं? दोन सेफ्टी खोल मागे ठेवले, डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नाही म्हणून. केल्सीने मधल्या जागेत दहा झेल घेतले, 133 यार्ड. आकडे बघून वाटेल की त्यानेच सामना मारला. चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही. 31-9. अर्थात यात माहोम्सच्या भिंतीच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी जायबंदी होते आणि बिचारा रात्रभर जिवाच्या आकांताने पळत होता, याचाही मोठा वाटा. पण केल्सीला दिलेले ते यार्ड बोल्सनी हिशोबात धरलेले होते, हेही तितकंच खरं.

आता पुन्हा त्या बाल्टिमोरच्या सामन्याकडे बघा. मध्यंतराला 17-7. उत्तरार्धात चीफ्सचे गुण किती? शून्य. माहोम्स, केल्सी, प्रशिक्षक अँडी रीड सगळे हजर असताना शून्य. त्या मोसमात सर्वांत कमी गुण देण्यात, सर्वांत जास्त सॅक करण्यात, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला लोळवण्यात, आणि चेंडू हिसकावण्यातही रेव्हन्सचाच बचाव पहिला होता, आणि त्या दिवशीही त्याने 17 वर रोखून दाखवलं. सामना गेला तो दुसऱ्या बाजूने. रेव्हन्सच्या झे फ्लॉवर्सच्या हातून चेंडू टचडाउनच्या रेषेपाशी निसटला, मग त्या रेषेपलीकडच्या पट्टीत आमचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सनचा एक चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला. या सगळ्यात हॅमिल्टन कुठे आला? तरी लोकांच्या तोंडी राहिलं ते अकरापैकी अकरा. टीव्हीवर ज्याची पाठ शेवटी दिसते त्याच्या नावावर पराभव चढतो, अशीच पद्धत आहे.

दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोने तर कमाल केली. सुपर बोलच्या पूर्वार्धात केल्सीला एक झेल, एक यार्ड. तो इतका वैतागला की मैदानाच्या कडेला त्याने आपल्याच प्रशिक्षकाला जाऊन धक्का दिला. आणि त्याच पूर्वार्धात सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर ड्रे ग्रीनलॉ कडेवरून मैदानात धावत शिरत असताना त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. कोणी धक्का दिला नाही, काही नाही. नुसता मैदानात शिरत होता. फ्रेड वॉर्नर आणि ग्रीनलॉ ही जोडी मधली पट्टी मिळून राखायची. त्यातला अर्धा खांब गेला. उत्तरार्धात आणि जादा वेळेत केल्सीला आठ झेल, 92 यार्ड. बरोबरी साधून देणाऱ्या किकच्या आधीचा 22 यार्डांचा झेल त्यातलाच. सगळं ग्रीनलॉच्या टाचेवर ढकलता येणार नाही, रीडनेही चाली बदलल्या. पण त्यानंतर वॉर्नर एकटा किती ठिकाणी पुरणार होता?

फिलाडेल्फियाने पुढच्या वर्षी काय केलं ते बघताना शेजारचे गृहस्थ माझ्याच सोफ्यावर होते आणि सारखे आपलं घड्याळ दाखवत होते. 9 फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लीन्स, पुन्हा सुपर बोल, समोर पुन्हा चीफ्स. फिलाडेल्फियाच्या बचाव प्रशिक्षक व्हिक फॅन्जिओने एकदाही ब्लिट्झ केला नाही. म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणूस एकदाही सोडला नाही, पुढचे चारच. त्या चौघांनी माहोम्सला सहा वेळा लोळवलं. उरलेले सात मागे पसरून उभे, त्यामुळे केल्सीला हवी असलेली फट मिळेपर्यंत माहोम्स जमिनीवर. झॅक बॉन या लाइनबॅकरने तर मधल्या पट्टीतला चेंडूच उचलला. मध्यंतराला 24-0, शेवटी 40-22. केल्सीचे चार झेल, 39 यार्ड. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात केल्सीला कोणी धरलं होतं, असं मला एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला सोपंही नव्हतं. धरलं होतं ते माहोम्सला.

केल्सीचं वय झालं तरी समोरच्यांची सुटका नाही. 2024 मध्ये लास व्हेगस रेडर्सचा ब्रॉक बॉवर्स पहिल्याच मोसमात 112 झेल आणि 1,194 यार्ड करून बसला, आणि पहिल्या मोसमातला टाइट एंडचा डिट्काचा 1961 पासूनचा विक्रम मोडला. झेलांच्या बाबतीत तर कुठल्याही जागेवरच्या नवख्याने एवढे कधी घेतले नव्हते. त्या मोसमात रेडर्स 17 पैकी 4 सामने जिंकले. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी उलट विचारलं, "गडी किती गेले त्यात?" टचडाउन किती, असं त्यांना म्हणायचं होतं. पाच, मी म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाले, आणि द्राक्षांच्या भावाबद्दल बोलू लागले.